नकाराच्या पत्रावर आधी तारीख पाहा

परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळाला की वस्तीत पेढे वाटले जातात, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. त्याच मुलाचा व्हिसा नाकारला गेला तर घरातले लोक शेजाऱ्यांशीही बोलत नाहीत. फलक हळूच उतरवला जातो. समाजाला यश कळते, नकार कळत नाही. आणि जे कळतच नाही त्याच्याविरुद्ध लढणार कोण? म्हणून आज आम्ही त्या उतरवलेल्या फलकाविषयी लिहीत आहोत.

प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. कॅनडाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांचे सुमारे ७४ टक्के अर्ज फेटाळले. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, हेच प्रमाण ३२ टक्के होते. अमेरिकेने २०२४ च्या आर्थिक वर्षात जगभरातून आलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जांपैकी सुमारे ४१ टक्के नाकारले. युरोपातील शेंगेन देशांनी २०२४ मध्ये भारतीयांचे दीड लाखाहून अधिक अर्ज परत केले. त्या व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. श्रीमंताच्या मुलाला हा नकार म्हणजे एक हुकलेली सहल असेल. सुभाष टेकडीच्या, बुवापाड्याच्या किंवा सोनिवलीच्या मुलाला तो घरातील दोन पिढ्यांच्या कमाईवर पडलेला घाव असतो.

आम्ही उल्हासनगर आणि कल्याणच्या न्यायालयांत वकिली करतो. लंडन किंवा ओटावाच्या न्यायालयात आम्ही उभे राहत नाही. तरीही नकाराचे पत्र घेऊन आईबाप आमच्याकडे येतात, कारण ओळखीचा वकील तेवढाच असतो. असेच एक कुटुंब अंबरनाथहून आले होते. वडील एमआयडीसीतील कारखान्यातून निवृत्त झालेले, आई बचत गटात. पीएफची रक्कम, पतपेढीचे कर्ज आणि मामाने दिलेले पैसे असे सारे मिळून वडिलांच्या खात्यात रक्कम उभी केली होती. मुलाला ब्रिटनमधील विद्यापीठाने प्रवेश दिला होता. अर्ज एजंटाने भरला. व्हिसा नाकारला गेला.

नकाराचे कारण आम्ही वाचले. पैसे दुसऱ्याच्या खात्यात आहेत आणि तो खातेदार अर्जदाराचा वडील असल्याचे सिद्ध होत नाही, असे अधिकाऱ्याने लिहिले होते. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एका स्पेलिंगने आणि बँकेत दुसऱ्या स्पेलिंगने होते, एवढेच काय ते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडलेले होते. अधिकाऱ्याने ते वाचल्याची खूण पत्रात कुठेच नव्हती. म्हणजे फेरतपासणी मागण्यासारखे स्वच्छ प्रकरण. आम्ही पत्रावरील तारीख पाहिली आणि खाली ठेवले. पस्तीस दिवस उलटून गेले होते. मुदत अठ्ठावीस दिवसांची होती.

हे पस्तीस दिवस गेले कुठे? अर्जात ईमेल एजंटाचा, मोबाइल नंबरही एजंटाचाच. नकार त्याच्याकडे आला. तो एकोणीस दिवस ‘फाइल चालू आहे’ असे सांगत राहिला. नंतर अपील करतो म्हणून पैसे घेतले आणि काहीच केले नाही. त्या मुलाचा हक्क ब्रिटिश सरकारने हिरावला नव्हता. ब्रिटिश कायद्याने दिलेला हक्क इथल्या एका टेबलाच्या खणात मेला. मुलाचे वर्ष गेले. वडील आमच्यासमोर एकच वाक्य बोलले, ‘साहेब, माझ्या नावामुळे झालं.’ आम्हाला त्यांना सांगावे लागले की नावामुळे झाले नाही, तारखेमुळे झाले.

आपल्या लोकांना ‘अपील’ हा शब्द माहीत आहे. पण व्हिसाच्या बाबतीत प्रत्येक देशाचा दरवाजा वेगळा आहे, हे समजून घेतले पाहिजे.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नकाराविरुद्ध न्यायाधीशापुढे जाणारे अपील नाही. तिथे प्रशासकीय फेरतपासणी आहे. तिची फी ८० पौंड. परदेशातून अर्ज केला असेल तर निर्णय हाती आल्यापासून २८ दिवसांत ती मागावी लागते. मूळ निर्णय न घेतलेला दुसरा अधिकारी कागद तपासतो. त्याच्यासमोर मुद्दा एकच असतो, पहिल्या अधिकाऱ्याने चूक केली का? साधारणपणे नवे कागद देता येत नाहीत. जो कागद अर्जासोबत नव्हता, तो आता लावून उपयोग नाही. कुटुंबीयांना भेटायला जाणाऱ्यांना तिथे पूर्वी पूर्ण अपिलाचा हक्क होता. तो जून २०१३ मध्ये काढून घेतला गेला. पतीपत्नी किंवा मुलांसोबत कायम राहण्याच्या प्रकरणांत मात्र कौटुंबिक जीवनाच्या मानवी हक्काचा आधार घेऊन आजही न्यायाधिकरणात जाता येते.

कॅनडात विद्यार्थ्याला अपील नाही, पण संघीय न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकन मागता येते. देशाबाहेर झालेल्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची. आधी न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालय व्हिसा देत नाही, निर्णय रद्द करून अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये वाव्हिलोव्ह खटल्यात सांगितले की सरकारी निर्णयामागचे कारण समजण्याजोगे, पारदर्शक आणि समर्थनीय असले पाहिजे. छापील वाक्ये चिकटवून पाठवलेल्या नकारांना तिथले वकील याच निकालाच्या आधारे आव्हान देतात. अधिकाऱ्याने फाइलवर काय नोंद केली, तेही मागवता येते.

शेंगेन देशांच्या व्हिसा संहितेत नकाराचे कारण देण्याचे आणि अपिलाचा मार्ग सांगण्याचे बंधन आहे. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोलंडच्या एका प्रकरणात बजावले की अपिलाच्या वाटेवर कुठल्या तरी टप्प्याला न्यायालय असलेच पाहिजे. पण जर्मनीने जुलै २०२५ पासून दूतावासाकडे फेरविचार मागण्याची विनामूल्य सोय बंद केली. आता एक तर नवा अर्ज करा, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. बदलापूरच्या रिक्षाचालकाने बर्लिनला दावा लावायचा! कागदावर हक्क कायम राहिला, तिथपर्यंत जाणारा जिना काढून घेतला गेला. आरक्षणाच्या जागा ‘कायम’ ठेवून भरती बंद करण्याची युक्ती आपण ओळखतो. ही तिचीच बहीण आहे.

आणि अमेरिका? तिथे अर्जदार परत जाणार नाही असे कायद्याने आधीच गृहीत धरलेले असते. परत येऊ हे त्याने खिडकीसमोरच्या काही मिनिटांत पटवून द्यायचे असते. कलम २१४-बी खालचा नकार आला तर अपील नाही, फक्त नवा अर्ज. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुनोझ खटल्याचा निकाल दिला. सँड्रा मुनोझ या अमेरिकन नागरिक, स्वतः वकील. त्यांच्या एल साल्वाडोरच्या पतीला व्हिसा नाकारला गेला आणि सुरुवातीला कलमापलीकडे कारणही सांगितले गेले नाही. पतीला देशात आणण्याचा संविधानिक हक्क पत्नीला नाही, असे बहुमताने ठरले. नागरिक असलेल्या वकील बाईला जिथे दाद नाही, तिथे कॅम्प चारच्या मुलाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आता आपल्या घराकडे पाहू. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात मान्य केले. त्यानंतरच पासपोर्टचा कायदा झाला. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘जनहितासाठी’ जप्त करण्यात आला आणि कारण देण्यास सरकारने नकार दिला. १९७८ च्या निकालाने न्यायालयाने सांगितले की माणसाचे म्हणणे ऐकून न घेता त्याचे स्वातंत्र्य हिरावणारी रीत न्याय्य असू शकत नाही. पासपोर्ट नाकारला तर लेखी कारणे नोंदवावी लागतात आणि ३० दिवसांत अपील करता येते. हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा प्रताप आहे. बाबासाहेबांनी दिलेले हे शस्त्र पासपोर्टपर्यंत चालते, व्हिसाच्या खिडकीपाशी मात्र थांबते. कारण तिथे दुसऱ्या देशाचे राज्य सुरू होते आणि त्या राज्यासमोर आपण नागरिक नसतो, परके असतो.

परकेपण काय असते, हे उल्हासनगरला वेगळे सांगावे लागत नाही. हे शहरच निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली माणसे आली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट लागू झाले. त्याही आधी, डिसेंबर १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले होते की पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात येऊ दिले जात नाही. त्यांची सेवा ‘अत्यावश्यक’ ठरवून त्यांना तिथेच अडकवले जात होते. रस्ते आणि संडास साफ करायला माणसे हवीत म्हणून त्यांनी देश सोडायचा नाही! जातीच्या आधारावर नाकारलेला हा बाहेर पडण्याचा परवानाच होता. त्याविरुद्ध अपील करणारा माणूस दिल्लीत बसलेला होता, म्हणून इतिहासात त्याची नोंद तरी राहिली.

त्याच परमिट कायद्याचे एक प्रकरण आपल्या मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेले. इब्राहिम वझीर मावत यांचे. परमिटचा नियम मोडल्याचा संशय आला तरी नागरिकालासुद्धा देशाबाहेर घालवता येईल, असे त्या कायद्याचे कलम ७ होते. ऐकून घेणे नाही, चौकशी नाही. १९५४ मध्ये न्यायालयाने नागरिकाला लागू होणारे हे कलम घटनाबाह्य ठरवले. अर्जदार मुसलमान होता, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तरी संविधानाने त्याचे नाव पाहिले नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. उल्हासनगरात पाकिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी सिंधी कुटुंबे आजही आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. या कुटुंबांचा नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला तर कारण देण्याचे बंधन आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम १४ ने सरकारवर ठेवलेले नाही. ३० दिवसांत फेरविचार मागता येतो, पण कारणच माहीत नसेल तर फेरविचार कशाचा मागायचा? लंडनने आपल्या मुलाला कारण द्यावे असे म्हणणाऱ्या आपण, दिल्लीने परक्याला कारण द्यावे असेही म्हटले पाहिजे, मग तो हिंदू असो, मुसलमान असो की कोणी. एका बाजूने न्याय मागणारी चळवळ ती आपली नव्हे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. अपिलाचा हक्क म्हणजे मुदतीचा हक्क. मुदत ज्याच्या हातात, हक्क त्याच्या हातात. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात ती का नसते?

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असले की बँकेत पैसे दाखवण्याचा भार बहुतांशी उतरतो, व्हिसाच्या खिडकीसमोर आपला मुलगा ताठ उभा राहतो. पण पत्र वेळेवर हवे ना! जुलै २०२५ मध्ये केंद्राने १०६ विद्यार्थी निवडले आणि पहिल्या खेपेला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे दिली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास मिळेल, असे सांगितले. जुलैत निवड, सप्टेंबरात वर्ग. त्यातून बायोमेट्रिकची तारीख, व्हिसाच्या निर्णयाचे आठवडे आणि नकार आलाच तर फेरतपासणीचे आणखी आठवडे वजा करा. काय उरते? शून्य. राज्याच्या यादीबद्दलही विद्यार्थी वर्षानुवर्षे हेच रडगाणे सांगत आले आहेत. म्हणजे परक्या देशाने नाकारण्याआधी आपल्याच मंत्रालयातील फाइलने अपिलाचे दिवस खाऊन टाकलेले असतात.

ज्याला शिष्यवृत्ती नाही त्याची अडचण निराळी. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि एका दिवसासाठीही कमी होता कामा नये. आपल्या घरात पैसा सलग २८ दिवस थांबतो कुठे? दवाखाना येतो, बारसे येते, भिशी भरायची असते. शिवाय पाच जणांकडून आलेली रक्कम एकदम जमा झाली की अधिकाऱ्याला ती भाड्याची वाटते. त्यात नावांचा गोंधळ. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव, पासपोर्टवर वेगळी रचना, आधारवर तिसरी. ज्यांच्या घरात पहिल्यांदा शाळा आली, त्यांची नावे कोणी तरी घाईत, ऐकून, जमेल तशी लिहिली. त्या घाईची किंमत आज नातवंडे मोजतात.

इथेच एजंट सांगतो, ‘बॅलन्स मी दाखवतो, पत्र मी आणतो.’ बांधवांनो, यासारखा धोका नाही. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. फसवणुकीचा शिक्का बसला तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, कॅनडात पाच वर्षे बंदी, अमेरिकेत कायमची अपात्रता. पंजाबातील अनेक विद्यार्थी बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडात गेल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. कित्येकांना आपले पत्र खोटे आहे हे माहीतही नव्हते. त्या एजंटाला २०२४ मध्ये कॅनडातच तुरुंगवास झाला, पण मुलांची वर्षे कोण परत देणार?

मग करायचे काय? अर्जात ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्यावा. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवावी. नकार आला की रडण्याआधी पत्रावरची तारीख वहीत लिहावी आणि पत्राच्या शेवटी कोणता मार्ग व किती मुदत दिली आहे ते वाचावे. मग स्वतःला एक प्रश्न विचारावा, चूक अधिकाऱ्याची की आपल्या अर्जाची? कागद होता आणि त्याने पाहिला नाही, तर फेरतपासणी किंवा न्यायालय. कागदच नव्हता, तर नव्या कागदांसह नवा अर्ज. आणि जुना नकार नव्या अर्जात कधीही लपवू नये. लपवलेला नकार हाच पुढचा गुन्हा ठरतो. नावातील फरक प्रवेशाच्या वर्षी नव्हे, दहावीनंतर लगेच राजपत्रातून दुरुस्त करून घ्यावा.

हे एकट्या कुटुंबाने पेलण्याचे काम नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांत बुद्धविहारांची, वकिलांची, बँकेत आणि कारखान्यांच्या कार्यालयांत काम केलेल्या निवृत्त बांधवांची कमतरता नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ एका विहारात टेबल मांडले आणि तिथे मुलांचे अर्ज भरण्याआधी कोणी तरी वाचून दिले, तर निम्मे एजंट दुकान बंद करतील. जयंतीच्या वर्गणीतून फेरतपासणीच्या फीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवता येईल. आणि सरकारकडे मागणी एकच, शिष्यवृत्तीची यादी आणि पत्र मे अखेरपर्यंत द्या. उशिरा दिलेली शिष्यवृत्ती ही नाकारलेलीच शिष्यवृत्ती असते. यासाठी निवेदने द्यावीत, गरज पडल्यास उच्च न्यायालयात जावे. आम्ही आमच्या परीने वकिलीची बाजू सांभाळायला तयार आहोत.

शेवटी एक आठवण. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती आणि ती मुदत संपण्याआधी, १९२० मध्ये, ते परत गेले. १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तो परीक्षकांना पचला नाही, पुन्हा लिहायला सांगितले गेले. बाबासाहेबांनी निष्कर्ष न बदलता तो पुन्हा लिहून १९२३ मध्ये पाठवला आणि त्याच प्रबंधावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. मुदत आधी मागून घेणे, ती पाळणे आणि आपले म्हणणे न सोडता पुन्हा अर्ज करणे, हे तिन्ही त्यांनी करून दाखवले आहे. तो अंबरनाथचा मुलगा आता पुन्हा अर्ज करतो आहे. या वेळी ईमेल त्याचा स्वतःचा आहे.